सिल्व्हियाचा फोटो आणि तिच्या नावाचा फलक : सोलापुरातल्या कामाच्या नोंदी

२२ नोव्हेंबर

भाची आठवीत आहे. जानेवारीच्या शेवटी तिच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे आणि तिला लघुग्रह मांडायचाय. नेटवरून उतरवलेला फोटो नको, सोलापूरच्या आकाशात आपणच टिपलेला हवा, आणि त्याच्या नावाची गोष्टही हवी. मी हो म्हणालो आणि रात्री यादी घेऊन बसलो.

ठरली ८७ क्रमांकाची सिल्व्हिया. कारण एकच, ती मद्रासहून सापडली. १६ मे १८६६ रोजी, मद्रास वेधशाळेत, नॉर्मन पॉगसन या खगोलशास्त्रज्ञाला. आपल्या दक्षिणेतल्या आकाशातून सापडलेली म्हटल्यावर भाचीनं दुसरं नाव ऐकूनच घेतलं नाही. शिवाय डिसेंबरच्या मध्याला ती सूर्याच्या बरोबर समोर येते, म्हणजे रात्रभर आकाशात असते. जागा वृषभ राशीत, अग्नी ताऱ्याच्या परिसरात. सापडायला सोपी.

अडचण तिच्या अंधूकपणाची. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या लघुग्रहांच्या पट्ट्याच्या ती बाहेरच्या काठावर आहे. सूर्यापासूनचं अंतर पृथ्वीच्या साडेतीन पट, एका फेरीला साडेसहा वर्षं. आकारानं लहान नाही, लांबट बटाट्यासारखी, सरासरी व्यास २७० किलोमीटरच्या आसपास. सोलापुरातून निघालात तर पुणं मागे पडेल एवढी. पण इतक्या लांबून तिची प्रत, म्हणजे तेजाचं माप, येते १२ च्या जवळ. आकडा जितका मोठा तितकं अंधूक. डोळ्यांना दिसणारा शेवटचा तारा सहाव्या प्रतीचा, म्हणजे त्याच्याही अडीचशे पट अंधूक. (पाच प्रती म्हणजे शंभर पट, हा हिशेबही पॉगसननंच १८५६ मध्ये सुचवला. आपण त्याच्याच मापानं त्याचाच लघुग्रह मोजतोय, हे मला फार आवडलं.)

माझ्याकडे जुना डीएसएलआर कॅमेरा आणि १३५ मि.मी.ची लेन्स आहे. दुर्बीण नाही. नुसत्या स्टँडवरून दोन-तीन सेकंदांपुढे तारे ओढले जातात, म्हणून बिजागरीचा ट्रॅकर, म्हणजे ताऱ्यांच्या गतीनं कॅमेरा फिरवणारा सांगाडा, करायचा.

३० नोव्हेंबर

सांगाडा झाला. शेजारचे अण्णा आयुष्यभर पॉवरलूमवर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते, पूर्व भागात असा माग नसेल ज्याला त्यांचा हात लागला नाही. त्यांच्या भंगारातून १९ मि.मी. प्लायवूडच्या दोन फळ्या मिळाल्या. खालची फळी स्टँडवर, वरच्या फळीवर कॅमेरा, दोन्ही एका कडेला बिजागरीनं जोडलेल्या. खालून आट्यांचा रॉड फिरला की वरची फळी हळूहळू उचलली जाते. बिजागरीचा दांडा ध्रुवाकडे रोखला की ही उचल पृथ्वीच्या फिरण्याशी जुळते.

करणाऱ्यांसाठी आकडे. पृथ्वी मिनिटाला ०.२५०७ अंश फिरते. रॉड मिनिटाला एक फेरा घेणार आणि सहा एमएमच्या रॉडचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १ मि.मी. असतो, तर बिजागरीच्या मध्यापासून रॉडपर्यंत २२८.५ मि.मी. हवेत. तेवढ्यावर भोक पाडलं. सोलापूरचा अक्षांश १७ अंश ४० मिनिटं, त्या कोनाचा लाकडी पाचर सुतारानं कापून दिला.

मोटर २८ बीवायजे ४८, ड्रायव्हरसकट १९० रुपये. मोटर चालवणारा आर्डुइनो बोर्ड ४८०. बिजागरी ४०. रॉड ७०. या मोटरच्या एका फेऱ्याला ४०९६ पावलं असं सगळीकडे लिहितात, पण आतल्या गिअरचं खरं गुणोत्तर धरलं की ती ४०७६ च्या आसपास येतात. फरक अर्ध्या टक्क्याचा. आपल्या कामाला चालतो, तरी मी ४०७६ च टाकले.

६ डिसेंबर

गच्चीवर चाचणी. पौर्णिमा नुकतीच होऊन गेलेली, पण नुसते तारे टिपके येतात का एवढंच बघायचं होतं. आले नाहीत. तीस सेकंदांच्या फोटोत प्रत्येक तारा आखूड रेघ.

आमच्याकडे ध्रुव क्षितिजापासून जेमतेम साडेसतरा अंश वर. गच्चीवरून उत्तरेला शेजारच्यांची पाण्याची टाकी आणि मागे शहराचा उजेड. मी ठरवून टाकलं की ध्रुवच नीट धरला गेला नाही. हा अंदाज मला फार महागात पडला.

१४ डिसेंबर

अक्कलकोट रोडला ओळखीच्यांच्या शेतात. जागा चुकीची निवडली. त्या बाजूनं ध्रुव बघायचा तर शहराचा झगमगाट मध्ये येतो, खालची धूळ त्या उजेडानं पिवळी दिसते आणि ध्रुव तिच्यातच बुडतो. शीतपेयाची नळी बिजागरीला चिकटवून तिच्यातून तारा शोधत पाऊण तास मान वाकडी केली. फोटोत पुन्हा रेघा.

एक गोष्ट मात्र तिथंच कळली. बिजागरी ढिली होती. कॅमेऱ्याच्या वजनानं वरची फळी कागदाएवढी सरकत होती. अण्णांनी दुसऱ्या दिवशी ती काढूनच टाकली. भंगारातल्या मागाचा एक दांडा आणि दोन पितळी बुशं घेतली, दोन्ही फळ्यांत घट्ट ठोकून बसवली. आता बोटानं हलवून बघितलं तर काहीच हलत नाही. ज्यांना ट्रॅकर करायचा असेल त्यांनी दाराची बिजागरी पहिल्या दिवसापासून टाळावी, ४० रुपये वाचतात आणि आठवडाही.

२० डिसेंबर

अमावास्या, आकाश धुऊन काढल्यासारखं, सिल्व्हिया वर्षातली सगळ्यात चांगल्या जागी. आम्ही बार्शी रोडला नान्नजच्या पुढे एका शेतात. शहर दक्षिणेला पाठीमागे राहतं, उत्तरेला काळोख, ध्रुव स्वच्छ. बुशं पक्की, नळीच्या मधोमध तारा. तरीही रेघा.

रात्री दोन वाजता सामान आवरलं. परतीच्या वाटेवर गाडीत कोणी बोललं नाही.

२४ डिसेंबर

चूक सापडली. ज्याला ज्याला हा ट्रॅकर करायचाय त्यानं ही नोंद आधी वाचावी.

भाचीनं साधी गोष्ट सुचवली, मोटर बंद ठेवून एक फोटो काढू. काढला. तीस सेकंदांत रेघ ६७ पिक्सेल लांब. मोटर चालू ठेवून तीच रेघ १८ पिक्सेल, आणि नीट बघितलं तर उलट्या दिशेची. म्हणजे ट्रॅकर मागे पडत नव्हता, पुढे पळत होता. सदुसष्टात अठरा म्हणजे सत्तावीस टक्के जास्त. ध्रुव थोडा इकडेतिकडे झाल्यानं एवढी चूक येतच नाही.

मी आकडेमोड अण्णांपुढे ठेवली. ते काही बोलले नाहीत. रॉड सोडवला, उजेडात धरला, स्टीलची पट्टी लावली आणि अंगठ्याचं नख एकेका आट्यावरून पुढे सरकवत ओठांतल्या ओठांत तेलुगूत मोजू लागले. एका इंचाला पोचले तेव्हा आकडा वीस.

"अरे, हा दोन सुती आहे. सहा एमएम नाही."

हार्डवेअरच्या दुकानात मी 'सहाचा रॉड' मागितला आणि त्यांनी नेहमीच्या सवयीनं दोन सूत, म्हणजे पाव इंची दिला. जाडीत फरक अर्ध्या मिलिमीटरहून कमी, हातात घेऊन कळत नाही. पण त्याला इंचात वीस आटे, पिच १.२७ मि.मी. सत्तावीस टक्के तिथून आले. दोष दुकानदाराचा नाही, मी जाडी बघितली आणि आटे मोजले नाहीत.

नवीन रॉड आणायला निघालो तर अण्णांनी थांबवलं. रॉड आहे तोच राहू दे, भोक लांब पाड. बरोबर. १.२७ पिचला अंतर येतं २९०.३ मि.मी., फळीवर तेवढी जागा आहे. शिवाय हात लांब असला की मोटरच्या बारीक धक्क्यांचा परिणाम कमी होतो. त्यांनी २९० वर खूण केली, पंचानं टोचलं, गिरमिटानं भोक पाडलं. रात्री गच्चीवरून तीस सेकंद. तारे टिपके.

गेलेला वेळ सव्वातीन आठवडे, आणि त्यात सिल्व्हियाची सगळ्यात उजळ वेळ. चांदणं आता वाढत जाणार. पुढची अंधारी रात्र पौष अमावास्येला.

२ जानेवारी

चांदण्यात फोटो नाही, म्हणून फलकाचं काम.

माझ्याकडच्या एका जुन्या टिपणात होतं की सिल्व्हिया हे नाव फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ कामीय फ्लामारियाँ यांच्या पत्नी सिल्व्ही यांच्यावरून ठेवलं. तसाच मजकूर लिहिला आणि चार बाय तीनचा फ्लेक्स छापून आणला. १८० रुपये. भाचीनं वाचला आणि विचारलं, "मामा, मग तिच्या चंद्रांची नावं अशी का?"

चंद्रांबद्दल मी फलकावर दोन ओळी टाकल्या होत्या. १८ फेब्रुवारी २००१ रोजी हवाईतल्या केक दुर्बिणीतून मायकेल ब्राऊन आणि जाँ-लुक मार्गो यांना सिल्व्हियाभोवती फिरणारा एक चंद्र दिसला. २००४ मध्ये चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीच्या चित्रांत फ्रांक मार्शिस आणि पॅरिसच्या सहकाऱ्यांना दुसरा मिळाला, २००५ मध्ये तो जाहीर झाला. दोन चंद्र असलेला माहीत झालेला हा पहिला लघुग्रह. त्यांची नावं रोम्युलस आणि रेमस. रोम नगरी वसवणारे जुळे भाऊ.

फ्लामारियाँच्या पत्नीचा आणि रोमच्या जुळ्यांचा संबंध काय? माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी जोडायला गेलो नाही, फ्लेक्स गुंडाळून ठेवला.

५ जानेवारी

उत्तर मिळालं, तेही खुद्द शोधणाऱ्याच्या शब्दांत. लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिकात १८६६ मध्येच पॉगसननं शोधाची बातमी दिली आणि नावाचं कारणही सांगितलं. सिल्व्हिया म्हणजे रिया सिल्व्हिया, रोम्युलस आणि रेमसची आई. फ्लामारियाँच्या पत्नीचं कारण नंतर पॉल हर्गेट यांच्या लघुग्रहांच्या नावांवरच्या पुस्तकात आलं आणि तिथून टिपणांत पसरलं.

भाचीला गोष्ट सांगितली. आल्बा लाँगाचा राजा न्यूमिटर. त्याच्या भावानं, अम्युलियसनं गादी बळकावली आणि न्यूमिटरचा वंश वाढू नये म्हणून त्याच्या मुलीला, रिया सिल्व्हियाला, अग्नी राखणारी व्रतस्थ कुमारी केलं. तरी युद्धदेव मार्सपासून तिला जुळी मुलं झाली. काकानं ती टायबर नदीत सोडायला लावली. टोपली काठाला लागली, लांडगीनं त्या बाळांना दूध पाजलं. भाची मध्येच म्हणाली, "कुंतीसारखं." तेच. फलकावर ही तुलना ठेवायची असं तिनं ठरवलं, कारण प्रदर्शनाला येणाऱ्या आज्यांना कर्णाची पेटी सांगितली की पुढचं सांगावं लागत नाही.

मला या नावात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे : पॉगसनला तो फक्त एक प्रकाशबिंदू दिसत होता, चंद्र वगैरे काही ठाऊक असण्याचं कारणच नाही. त्यानं आईचं नाव दिलं आणि मुलं सापडायला १३५ वर्षं लागली. ज्यांना ती सापडली त्यांना नावं शोधायला लांब जावं लागलं नाही. मूळ कारण पुसलं जाऊन फ्लामारियाँचंच राहिलं असतं, तर हा धागा हाती लागला नसता. म्हणून १८० रुपये पुन्हा गेले त्याचं मला वाईट वाटत नाही. चुकीचा फलक लागला असता तर वाटलं असतं.

१४ जानेवारी

आज काम नाही. सिद्धेश्वर यात्रेतला संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, सगळं गाव पांढऱ्या बाराबंदीत. नंदीध्वज उन्हात चालताना बघून भाचीनं विचारलं, सिल्व्हिया आता कुठंय. दुपारच्या दोनला पूर्वेच्या क्षितिजाच्या जरा खाली. यात्रेतलं दारूकाम होऊन धूर खाली बसेपर्यंत शहरातून काही दिसायचं नाही. आम्हाला तसंही नान्नजकडे जायचंय.

१७ जानेवारी

शेतात मालदांडी ज्वारी छातीच्या वर, मालकानं आगटी पेटवून हुरडा भाजला. शेंगाचटणी, गूळ, गरम हुरडा, मग काम. आगटीचा धूर आणि उजेड दोन्ही मध्ये येऊ नयेत म्हणून ट्रॅकर गंजीच्या पलीकडे मांडला.

आठला सुरुवात. तीस सेकंदांचे वीस फोटो, मग रॉड उलटा फिरवून परत शून्यावर. सरळ रॉडला दहा मिनिटांपुढे चूक वाढत जाते, म्हणून हा खंड हवाच. नळीनं धरलेला ध्रुव अंशभर चुकला तरी तीस सेकंदांत एक-दीड पिक्सेलच सरकतो. मिनिटभर ठेवलं तर दिसतं. तीसच ठेवा.

दहाच्या सुमाराला फोटो धुरकट यायला लागले. मला ढग वाटले. भाचीनं लेन्सवर टॉर्च मारला तर काचेवर दव. भिजवलेल्या ज्वारीच्या मधोमध बसल्यावर दव येणारच. पुसू नका, कापडाचे ओरखडे पडतात. पुठ्ठ्याची नळी करून लेन्सवर चढवली, तिच्यावर चादरीचा तुकडा गुंडाळला, अर्धा तास थांबलो. नंतरची चित्रं ठीक आली. चाळीस फोटो वाया.

घरी स्टेलेरियम या आकाशाचा नकाशा दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सिल्व्हियाची जागा काढून फोटोवर त्या ठिकाणचा बिंदू लाल गोलात घेतला. भाची रात्री तो फोटो उशाशी घेऊन झोपली.

१९ जानेवारी

दुसरी रात्र, तीच जागा, तोच क्रम. घरी येऊन दोन्ही रात्रींचे फोटो एकावर एक जुळवले. लाल गोलातला बिंदू जागच्या जागी. तो तारा होता.

स्टेलेरियममध्ये लघुग्रहाच्या कक्षेचे जे आकडे होते ते जुने होते. गुरूची ओढ लघुग्रहाची कक्षा सतत किंचित बदलत असते, त्यामुळे काही वर्षांपूर्वीच्या आकड्यांवरून आजची जागा काही कलामिनिटं (एका अंशाची साठ) चुकते. डोळ्यांना ते काहीच नाही, पण आमच्या फोटोत एवढ्या अंतरात पाच-सहा तारे बसतात. लघुग्रहांच्या नोंदी ठेवणाऱ्या मायनर प्लॅनेट सेंटरकडून ताजे आकडे घेऊन भरले.

मग दोन्ही चित्रं संगणकावर आलटून पालटून दाखवत बसलो. पहिलं, दुसरं, पहिलं, दुसरं. सगळे तारे खिळ्यांसारखे ठोकलेले. आणि ताज्या आकड्यांनी सांगितलेल्या ठिकाणी एक बारीकसा ठिपका, शेजारच्या ताऱ्यांहून फिकट, पहिल्या चित्रात डावीकडे आणि दुसऱ्यात शंभराहून जास्त पिक्सेल उजवीकडे. पहिल्या जागी दुसऱ्या चित्रात नुसतं काळं आकाश. भाचीनं पडद्यावर बोट ठेवलं आणि कितीतरी वेळ उचललं नाही. अण्णांना बोलावून आणलं. ते चष्मा पुसून परत बसले आणि म्हणाले, पुन्हा एकदा फिरव.

२३ जानेवारी

नवीन फ्लेक्स आला. मजकूर भाचीचा, मी फक्त शुद्धलेखन बघितलं. तिनं स्वतःहून एक ओळ घातली की या फोटोत रोम्युलस आणि रेमस दिसत नाहीत. कारणही आकड्यांत दिलंय. बाहेरचा रोम्युलस सिल्व्हियापासून सुमारे १३६० किलोमीटरवर, साडेतीन दिवसांहून थोड्या जास्त वेळात एक फेरी. आपल्याकडून हे अंतर पाऊण कलासेकंदाएवढंही (कलामिनिटाचा साठावा भाग म्हणजे एक कलासेकंद) दिसत नाही, आणि आमचा एक पिक्सेल सहा कलासेकंदांचा. आई आणि दोन्ही मुलं एकाच पिक्सेलमध्ये.

मद्रास वेधशाळेच्या जुन्या दगडी खांबाचाही उल्लेख तिनं केलाय. १७९२ चा तो ग्रॅनाइटचा खांब चेन्नईत नुंगम्बाक्कमला अजून उभा आहे, त्यावर तमिळ आणि तेलुगूतही लेख कोरलेला आहे. तेलुगू म्हटल्यावर अण्णांनी मजकूर कुठं वाचायला मिळेल ते विचारलं. चेन्नईला त्यांची पुतणी असते, तिला फोटो काढून पाठवायला सांगितलंय.

२८ जानेवारी

प्रदर्शन झालं. ट्रॅकर टेबलावर ठेवला होता, पोरं बुशांत दांडा फिरवून बघत होती. कुणाला करायचा असेल तर एकूण खर्च असा : साहित्य ७८०, दोन फ्लेक्स ३६०, पेट्रोल ९०० च्या आसपास. कॅमेरा, लेन्स आणि स्टँड घरचेच. अण्णांनी मजुरी घेतली नाही.

सिल्व्हिया पुन्हा सूर्याच्या समोर येईल ती साधारण चौदा महिन्यांच्या अंतरानं, म्हणजे पुढच्या वर्षी फेब्रुवारीत. तोवर रॉड गोलाईत वाकवून बघायचाय, म्हणजे दहा मिनिटांनी थांबावं लागणार नाही. वाकवताना आटे दबू नयेत म्हणून दोन्ही टोकांना नट चढवून ठेवा असं अण्णांचं म्हणणं आहे, रविवारी करून बघतो.